पणजोबांच्या पेटीत चार कोरीव मुठी सापडल्यात, या नक्की कशाच्या?

खलाशाची_पणती

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दाभोळजवळचं आमचं गावचं घर निसर्ग वादळात निम्मं उघडं पडलं होतं, ते आता शेवटी उतरवायला काढलंय. माळ्यावर पणजोबांची पत्र्याची पेटी होती. पणजोबा बोटीवर सुखाणी होते, म्हणजे सुकाणू धरणारे, आणि आजी सांगायची की ते सिंगापूर, पिनांग, 'सुर्बाया' अशा ठिकाणी जायचे आणि वर्ष वर्ष घरी यायचे नाहीत. त्या पेटीत एका फडक्यात गुंडाळलेल्या चार वस्तू आहेत. आम्ही लहानपणी त्या बघितलेल्या, खेळलोय पण त्यांच्याशी, पण त्या काय आहेत हे कोणालाच माहीत नाही.

एक म्हणजे काळपट लाकडाचा बुटका माणूस. पाठीत वाकलाय, हात पोटाशी घट्ट धरलेत, तोंड पक्ष्यासारखं आणि मान जराशी तिरकी. थंडी वाजून आखडून बसल्यासारखा दिसतो म्हणून आमच्याकडे त्याचं नावच हिवभऱ्या आहे. दुसरी वस्तू साधी, पिवळट गुळगुळीत लाकडाची, वर जाडसर आणि पुढे झुकलेली, आतल्या बाजूला दोन छोट्या चौकटींमध्ये इतकं बारीक कोरीव काम आहे की भिंगाशिवाय कळत नाही, आणि खाली पितळेची कडी, तिच्यात काचेचे खडे, दोन पडलेत. तिसरी पांढरी-पिवळी, पूर्ण वेलबुट्टी, वजनाला जड. आणि चौथा बसलेला कोणीतरी, डोळे बटाट्याएवढे, सुळे बाहेर. आजीला तो मारुती वाटायचा म्हणून तिने त्याला आयुष्यभर शेंदूर लावला, आता त्यावर इतकी पुटं चढलीत की मूळ रंगच दिसत नाही.

चारही साधारण बोटभर ते वीतभराच्या मधल्या उंचीच्या, आणि चारहीना खालून भोक आहे. पुण्यातल्या एका जुन्या वस्तूवाल्याला दाखवल्या तर तो म्हणाला काठीच्या मुठी आहेत, चारीचे मिळून दोन हजार देतो. मी देणार नव्हतेच पण पांढरी वस्तू तो ज्या पद्धतीने खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून बघत होता ते मला खटकलं. कोणाला काही माहिती असेल तर सांगा प्लीज.

मिसळ_मारके

हिवभऱ्याला आधी क्रोसिन द्या मग बोलू :)

बाकी तीन फोटो दिसतायत, चौथ्याची लिंक गंडलीये.

लाकूडवेडा

ताई, काठीच्या मुठी नसाव्यात असं मला वाटतं. सुतारकामाचा नाद आहे म्हणून सांगतो, काठीची मूठ असेल तर भोक चांगलं अंगठ्याएवढं लागतं, नाहीतर भार पडला की चीर जाते. तुमच्या फोटोत भोक फारच बारीक दिसतंय. मोजून सांगाल का किती रुंद आणि किती खोल? आणि गोल आहे का चपटं? आपल्याकडच्या खंजीर-जंबियांचं पातं बहुतेक चपट्या शेपटाचं असतं.

दुसरं, त्या पिवळट लाकडाचा रेषेचा क्लोजअप टाका. मला ती कुंती वाटतेय, पांढऱ्या वासाच्या फुलांची असते ना ती. तिचं लाकूड असंच पिवळं, घट्ट आणि लोण्यासारखं कोरता येतं.

खलाशाची_पणती

मोजलं. माझी विणायची सुई सहा मिलिमीटरची आहे, ती सुई तिघांत सहज जाते, अडीच इंच आत जाऊन थांबते. भोकं गोल आहेत. हिवभऱ्याच्या भोकात मात्र काहीतरी अडकलंय, सुई अर्ध्यातच थांबते. आत मळकं काहीतरी दिसतं, काढलं नाही.

चौथा फोटो परत टाकलाय. लाकडाचा पण.

जावाकर

अहो तुमचा हिवभऱ्या!! ऑफिसात बसून हे वाचलं आणि मोठ्याने हसलो, बाजूची इंडोनेशियन कलीग विचारायला लागली काय झालं, तिला सांगितलं तर ती पण हसली.

नऊ वर्षं योग्यकार्तात आहे, नोकरी वेगळी आहे पण हा नाद इथे लागला, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

या केरिसच्या मुठी आहेत. केरिस म्हणजे ते नागमोडी पात्याचं खंजीर, सगळीच नागमोडी नसतात, सरळ पण असतात, वळणं असली तर ती नेहमी विषम संख्येत मोजतात. जावा, बाली, मदुरा, सुमात्रा, सुलावेसी, मलेशिया, थायलंडचा दक्षिणेकडचा पट्टानी भाग, एवढ्या पट्ट्यात केरिस आहे आणि प्रत्येक ठिकाणची मूठ वेगळी. मूठ बघून माणूस कुठला ते सांगता यायचं, जसं आपल्याकडे पगडी बघून सांगायचे.

आणि तुमच्या त्या वाकलेल्या माणसाचं मलय नाव काय आहे माहितीये? 'जावा दमाम'. दमाम म्हणजे ताप. हिवताप भरलेला जावाचा माणूस! तुमच्या घरच्यांनी कोणालाही न विचारता बरोब्बर तेच नाव ठेवलंय. हा प्रकार सुमात्रा आणि मलाया बाजूचा, म्हणजे पिनांगहून आलेला असणं अगदी शक्य आहे. मुळात हे जुन्या काळातलं देवाचं किंवा राक्षसाचं रूप असावं आणि पुढे तिथे इस्लाम आल्यावर माणसाची आकृती उघड कोरायची नाही म्हणून ते हळूहळू पुसट होत गेलं, चेहरा पक्ष्याचा झाला, हातांची नुसती वेलबुट्टी उरली, असं सांगितलं जातं. त्याच घराण्यातला एक प्रकार आहे ज्याला मान तिरकी केलेलं कोंबडीचं पिल्लू म्हणतात. तुमच्याच्या मानेचा तिरकेपणा बघता तो त्याच्या जवळ जातो.

पिवळी साधी मूठ ती शंभर टक्के मध्य जावाची. आकाराचं नाव नुंगाक सेमी. नुंगाक म्हणजे झाड तोडल्यावर उरलेला बुंधा आणि सेमी म्हणजे त्याला फुटलेली पालवी. हातात धरून बघा, अंगठा आणि पहिलं बोट बरोबर खाली कडीजवळ येतात आणि वरचा फुगवटा तळहातात बसतो. त्या दोन चौकटींत कोरलंय ते चेहरे आहेत, इतके आखीव झालेत की नुसती नक्षी वाटते. भिंग घेऊन खालच्या चौकटीत बघा, दोन डोळे आणि नाक सापडेल, एकदा सापडलं की मग दुसरं काही दिसतच नाही. लाकूडवेडा म्हणतात तेही बरोबर, इथे त्या लाकडाला कमुनिंग म्हणतात आणि मुठींसाठी त्याला फार मान. खालची खड्यांची कडी म्हणजे मेंडाक, मूठ आणि पातं यांच्या मधे बसते. योग्याची, म्हणजे योग्यकार्ताची, आणि सोलोची मूठ वेगळी असते, साठ किलोमीटरवरची दोन गावं पण दरबार दोन, त्यामुळे सगळंच वेगळं, योग्याची जरा सडपातळ. तुमची फोटोवरून सोलोची वाटते पण हातात घेतल्याशिवाय पैज लावणार नाही.

वेलबुट्टीवाली मदुराची. दोनोरिको म्हणतात तसल्या फुलापानांच्या मुठीला. सुरबायाच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर दिसतं ते बेट म्हणजे मदुरा, त्यामुळे पणजोबांना ती तिथेच मिळाली असणार. फुलांच्या मधे कुठे पंखवाला घोडा किंवा मुकुट दिसतो का बघा, तिथल्या मुठींवर ते येतं. मदुराच्या सुमनप भागात आजही घराघरात केरिस घडवतात.

शेंदूरवाला बालीचा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला वाटतं की मूठ सुटी आहे म्हणजे हत्यार मोडलं, पातं हरवलं, उरलं ते भंगार. इथे तसं नाहीये. आपल्या तलवारीचं पातं मुठीत लाख किंवा राळ ओतून कायमचं बसवतात, ते काढायचं म्हणजे तापवावं लागतं. केरिसला तसं नसतं. पात्याच्या गोल शेपटाला चिंधी, दोरा किंवा चक्क केस गुंडाळतात आणि मूठ पिळून घट्ट बसवतात, उलटी पिळली की निघाली. पातं म्हणजे खरा केरिस, त्याला जीव असतो असं मानतात, मूठ आणि म्यान म्हणजे त्याचे कपडे. मालक बदलला, गाव बदललं, हुद्दा वाढला की कपडे बदलायचे. त्यामुळे पातं जावाचं, मूठ बालीची आणि म्यान तिसरंच असा केरिस बघायला मिळणं रोजचं आहे, आणि सुट्या मुठी बाजारात पहिल्यापासून होत्या. काही डच लोक तर फक्त मुठीच जमवायचे. खिशात मावणारी वस्तू, हत्यार म्हणून कोणी अडवणार नाही. पणजोबांनी पण तोच हिशोब केला असेल, हा आपला माझा अंदाज.

मिसळ_मारके

क्रोसिनचा विनोद मागे घेतो. खरंच ताप आलेला निघाला राव.

घाटावरचा

जावाकर साहेब माहिती चांगली आहे पण एवढ्या लगेच 'शंभर टक्के' वगैरे नका म्हणू. आम्ही बालीला गेलो होतो तेव्हा उबुदच्या बाजारात अशा मुठींच्या टोपल्याच्या टोपल्या बघितल्यात. पाच मिनिटं घासाघीस केली की निम्म्या किमतीत. चहाच्या पाण्यात बुडवून, धूर देऊन, बूटपॉलिश लावून जुन्या करतात. लोकांना उगाच आशा लावू नये.

जावाकर

घाटावरचा, मुद्दा एकदम मान्य, मी स्वतः पहिल्या वर्षी दोन तसल्या विकत घेतल्यात, एक अजून टेबलावर आहे, स्वतःला आठवण राहावी म्हणून. पण शंभर टक्के मी प्रकाराबद्दल म्हणालो, वयाबद्दल नाही.

वयाचं असं असतं की कोरीवकाम बघायचंच नाही आधी. भोक बघायचं. नवीन मुठीचं भोक ड्रिलचं असतं, आतून कोरं, लाकडाचा ताजा रंग दिसतो, कारण आत रंगवायला कोण जातंय. जुन्या मुठीचं भोक आतून काळं पडलेलं, तोंडाशी झिजलेलं आणि बऱ्याचदा किंचित वाकडं. मग झीज कुठे आहे ते बघायचं. खऱ्या वापरातली मूठ जिथे बोटं टेकतात तिथेच झिजते, खोबणी स्वच्छ राहत नाहीत पण उंचवटे गुळगुळीत होतात. पॉलिश पेपर मारलेली मूठ सगळीकडून सारखी झिजलेली असते, म्हणजे जिथे कधी बोट पोचणारच नाही तिथे पण झिजलेली. ताईंच्या पिवळ्या मुठीच्या फोटोत अंगठ्याच्या जागी नक्षीची कड जवळजवळ गेलीये आणि वरच्या बाजूची धारदार आहे. ते मला पटलं. आणि पेटी माळ्यावर पणजोबांपासून आहे हे धरलं तर पर्यटकांच्या टोपल्यांचा प्रश्न येतच नाही.

जाता जाता ताई, पितळेच्या कडीला ब्रासो, पीतांबरी, चिंच काही लावू नका. लाकडाला तेल पण नको. मऊ कोरडा ब्रश, बास.

रसायनवाली

मी त्या पांढऱ्या मुठीबद्दल बोलायला आलेय, कारण इथे कोणीच तो विषय काढत नाहीये आणि त्या दुकानदाराला तो बरोबर कळला होता.

मदुराच्या मुठी हस्तिदंताच्या असू शकतात. हाडाच्या पण असतात, सांबरशिंगाच्या असतात, देवमाशाच्या दाताच्या असतात, आणि आजकालच्या रेझिनच्या पण. घरी बघता येईल असं: खालच्या सपाट भागावर, जिथे भोक आहे तिथे, भिंगाने बघा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी रेषा, जाळीसारख्या, दिसल्या तर हस्तिदंत. बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघोट्या दिसल्या तर हाड, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा असतात. काहीच नाही, एकसारखं दुधाळ आणि कुठेतरी साच्याची शिवण, तर रेझिन. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल (नोटा तपासायचा चालतो) तर अंधारात बघा, हस्तिदंत आणि हाड निळसर पांढरं चमकतं. आणि कृपा करून यूट्यूबवर बघून तापवलेली सुई टोचू नका, भोक कायमचं राहतं.

हस्तिदंत निघालं तर ते विकायचा विचार डोक्यातून काढा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकन हस्तिदंताचा पण. 'पण शंभर वर्षं जुनं आहे' हे कारण चालत नाही. वारशाने आलेली वस्तू असेल तरी कागदपत्रांचा प्रश्न येतो, तेव्हा वनखात्याच्या ऑफिसात स्वतःहून विचारून घ्या, आणि तोवर फोटो ओएलएक्सवर वगैरे टाकू नका.

आणि अजून एक. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. लहान मुलं असतील घरात तर त्या चौथ्या मूर्तीला हात लावून झाल्यावर साबणाने धुवायला सांगा. मी गंमत करत नाहीये.

खलाशाची_पणती

बापरे. आम्ही लहानपणी तो तोंडात घालायचो :(

पांढरीचं बघितलं. भिंगातून ठिपके आहेत, काळपट, शिवणीच्या टाक्यांसारखे. जाळी कुठे दिसली नाही. नवऱ्याने नोटा तपासायची टॉर्च आणली, निळसर दिसतंय. म्हणजे हाड ना? घोडा सापडला पण! एका फुलाच्या मागे, पंख आहेत, आधी मला ते पानच वाटत होतं.

रसायनवाली

हो, वर्णनावरून हाड. जड आहे म्हणालात ते पण जुळतं. तरी वस्तू कधी मुंबईला आणलीत तर एखाद्या संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

देवळातला_कासव

शेंदूरवाल्याबद्दल कोणीतरी सांगा की. तो मारुती असू शकतो का? बालीत रामायण-महाभारत आहेच ना.

जावाकर

असू शकतो, हनुमानाच्या मुठी बालीत आहेत. पण बहुतेक बसलेल्या सुळेवाल्या आकृती या राक्षसाच्या किंवा बायूच्या असतात. बायू म्हणजे आपला वायू, मारुतीचे वडील. त्या बाजूला बायू, भीम आणि हनुमान हे एकाच घरचे मानतात आणि त्या तिघांची एक खूण असते, हाताच्या अंगठ्याचं लांबलचक नख. वायांग, म्हणजे जावाच्या सावल्यांच्या खेळातल्या बाहुल्यांमध्ये भीम बघा, अंगठा मुठीतून भाल्यासारखा बाहेर आलेला असतो. दुसरी खूण म्हणजे कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकडीचं वस्त्र, बालीत झाडांना, देवळाच्या पुतळ्यांना गुंडाळतात तेच. बायूच्या हातात बऱ्याचदा अमृताचा छोटा गडू असतो. तर ताई, अंगठा दिसतोय का?

खलाशाची_पणती

नाही हो. दोन्ही हात शेंदरात गेलेत. उजव्या हातात काहीतरी गोलसर धरलंय एवढंच कळतं. बूड मात्र दिसतं, खाली टोकदार त्रिकोणी पाकळ्यांची रांग आहे, कमळासारखी. खरवडू का थोडंसं? नुसत्या अंगठ्यापुरतं?

जावाकर

नका!! शेंदराखाली बालीचा मूळ रंग किंवा सोन्याचा वर्ख असेल तर तो शेंदराबरोबरच निघून येईल. पाकळ्यांची रांग म्हणजे कमळाचं आसन, एवढं पुरे आहे बालीसाठी. राक्षस आहे का बायू हे राहू दे.

देवळातला_कासव

म्हणजे आजी एकतर मारुतीच्या वडिलांना शेंदूर लावत होती किंवा राक्षसाला. फिफ्टी-फिफ्टी.

अवांतर: बालीत हत्यारांची पूजा पण असते ना? आपल्या खंडेनवमीसारखी?

जावाकर

अवांतर नाहीये, मस्त आठवण केलीत. तुम्पक लांदप म्हणतात. लांदप म्हणजे धारदार. दर २१० दिवसांनी येतो कारण बालीचं एक पंचांग २१० दिवसांचं आहे. मूळ पूजा केरिस आणि धारदार लोखंडाची, पण आता लोक स्कूटर, गाड्या, लॅपटॉप सगळ्यांना नारळाच्या पानाच्या झावळ्या बांधतात. बोनेटवर फुलं आणि टपावर गंध लावलेली टॅक्सी बघितली तेव्हा मला डिट्टो दसऱ्याचं नाशिक आठवलं.

जावात वेगळं. इथे सुरो महिन्यात, म्हणजे मोहरममध्ये, राजवाड्यातले वारशाचे केरिस धुतात. लिंबाच्या रसाने गंज काढायचा आणि मग सोमलयुक्त खनिजाचं पाणी द्यायचं, त्याने लोखंड काळं होतं आणि पात्यात घडवलेला निकेलचा पट्टा पांढरा राहतो, ती नक्षी म्हणजे पामोर. त्या वेळी मूठ काढूनच ठेवतात, कपडे उतरवून आंघोळ घातल्यासारखं. आणि गंमत म्हणजे हा जावाचा महिन्यांचा हिशोब चंद्राचा आहे पण वर्षाचा आकडा शके आहे! १६३३ साली जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने महिने इस्लामी घेतले पण शके १५५५ पासून आकडा तसाच पुढे चालू ठेवला. चांद्र वर्ष छोटं असल्याने आता आपल्या शकेशी जुळत नाही पण मूळ तेच.

आणखी एक, कधी सोलोला आलात तर लावू डोंगरावर सुकुह नावाचं पंधराव्या शतकातलं देऊळ आहे तिथे जा. एका दगडी पाटावर केरिस घडवण्याचा प्रसंग कोरलाय. डावीकडे भीम लोहार होऊन पातं घडवतोय, उजवीकडे अर्जुन दोन उभ्या नळ्यांचा भाता चालवतोय आणि मधे कोण तर गणपती, एका पायावर नाचतोय. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्धा तास तिथेच होतो.

घाटावरचा

हे मस्त. आधीच्या प्रतिसादातला तिखटपणा मागे घेतो, उबुदचा राग होता तो, तीन घेतल्यात मी.

बाकी जावाचा राजपुत्र दिपोनगोरो, त्याचा केरिस डचांनी परत दिला ना मधे? २०२० ला? आपली वाघनखं मात्र तीन वर्षांच्या बोलीवर आली, ती पण—

संपादक

धागा मुठींचा आहे, वाघनखांचा वेगळा धागा आहे, तिकडे जा. तिथे आधीच सव्वाशे प्रतिसाद झालेत.

जावाकर

एका ओळीत: हो, मार्च २०२० ला डच राजाच्या भेटीच्या वेळी परत आला, लायडनच्या संग्रहालयात होता. १८३० साली दिपोनगोरोला पकडलं, म्हणजे एकशे नव्वद वर्षांनी. संपादक साहेब, बंद करतो.

लाकूडवेडा

ताई, हिवभऱ्याच्या भोकात अडकलेलं काय ते राहूनच गेलं.

खलाशाची_पणती

तेच सांगायला आले होते. काल रात्री आईने टॉर्च धरली आणि मी चिमट्याने अगदी हळू ओढलं. एक चिंधी निघाली, बोटाच्या पेराएवढी, निळसर, कडेला धागे सुटलेले आणि गोल गुंडाळल्याची वळकटी अजून तशीच आहे, सोडली तरी परत गुंडाळली जाते. आतून गंजाचा डाग लागलाय, तांबडा, बरोबर गोल काठीभोवती बसावा तसा. म्हणजे जावाकर म्हणाले ते पात्याचं शेपूट. हिवभऱ्याला कधीतरी पातं होतं, खरंखुरं. मी ते हातात धरून बराच वेळ बसले, आईला म्हटलं बघ हे कोणीतरी तिकडे गुंडाळलंय, तर ती म्हणाली मळलंय, धुऊन टाक.

धुतलं नाही. पण आता प्रश्न असा आहे की चिंधी वेगळी पिशवीत ठेवू का परत आत घालू? माझा फोटो काढून झालाय, धागा मोजायला कोणाला हवा असेल तर तो पण टाकते.

जावाकर

आत घाला. जशी गुंडाळलेली होती त्याच दिशेने, उलटी नको. आणि जोर करू नका, निम्मी गेली तरी चालेल.

फोटो टाकाच पण.